डिस्पॅचचे चार कॉम्प्युटर

आधी त्या मॅडमचं सांगतो, मग बाकीचं. त्या पिंपळे गुरवला राहायच्या, हिंजवडीला कामाला जायच्या आणि मला भेटल्या त्या फक्त फोनवर. नाव लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही आणि न विचारता कुणाचं नाव लिहिणं मला बरं वाटत नाही. त्यांचा आवाज थोडा बसलेला असायचा. दिवसभर माझ्यासारख्यांशी बोलूनच बसत असणार. चाकणच्या एका कारखान्यात एका गुरुवारी त्यांनी मला सांभाळून घेतलं. त्या नसत्या तर आज मी हे काम करत नसतो. कुठलं करत असतो, तेही मला माहीत आहे.

शाळा मी नववीनंतर सोडली. आमचं गाव हिंगोलीकडचं. आईचं आजारपण निघालं, घरात अजून एक कमावता पाहिजे होता, म्हणून तालुक्याच्या स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसायला लागलो. तिथं कॉम्प्युटर हाताला लागला. कुठलं बटण कुठं, काय दाबल्यावर काय उघडतं, हे बघून बघून पाठ झालं. इंग्रजी मात्र एसटीतून जाताना बाहेरच्या पाट्या वाचाव्यात तसं वाचायचो. ओळखीचा शब्द दिसला की धरायचा, बाकीचे जाऊ द्यायचे.

पुढं गावाकडच्या एकाच्या ओळखीनं इकडं आलो. चऱ्होलीला एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. शेतं अजून होती, पण दर दोन शेतांआड एक टॉवर उभा राहत होता आणि आमची खोली अशाच एका टॉवरच्या सिमेंटच्या धुळीत होती. भोसरीत एका ठेकेदाराकडं कामाला लागलो. तो कारखान्यांना कॉम्प्युटर पुरवायचा, बसवून द्यायचा. सगळे त्याला शेठ म्हणायचे. मला त्यानं आधी गोडाऊनला टाकलं. यूपीएसच्या बॅटऱ्या टेम्पोतून उतरवायच्या, रचायच्या, परत चढवायच्या. ज्यानं उचलल्यात त्यालाच कळेल त्या किती जड असतात. संध्याकाळी खोलीवर आलो की मी सरळ उभा राहू शकायचो नाही, भिंतीला धरून खाली बसायचो. वर्षभरानं एक जण सोडून गेला आणि शेठनं त्याच्या जागी मला साइटवर पाठवायला सुरुवात केली. आईला फोन करून सांगितलं की आता ओझं उचलायचं सुटलं, आता खुर्चीवर बसून काम आहे. ती म्हणाली, "जपून कर बाबा. जाऊ देऊ नको."

काम असं होतं. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर हेड ऑफिसच्या एका मुख्य सर्व्हरच्या ओळखीत आणायचे. त्याला डोमेनला जोडणं म्हणतात. सोसायटीच्या गेटवर नवीन भाडेकरूची नोंद करतात ना, तसंच. एकदा सर्व्हरनं मशीन ओळखलं की पासवर्ड, परवानग्या, सगळं तिकडून चालतं. सगळं नीट असलं तर एका मशीनला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो. नीट नसलं तर एक चौकट उघडते आणि इंग्रजीत काहीतरी सांगते. अडलं की तो सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडमना हिंजवडीला फोन करायचा.

आमच्या पट्ट्यात सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. म्हणून असली कामं गुरुवारीच निघतात, कारखाना बंद, मशिन्स मोकळी. त्या गुरुवारी मला चाकणच्या त्या कारखान्यातल्या डिस्पॅचचे चार कॉम्प्युटर जोडायचे होते. डिस्पॅच म्हणजे तयार माल गाडीत भरून बाहेर पाठवायचा विभाग. आधीच्या आठवड्यात दुसऱ्या एका साइटवर मला फार वेळ लागला होता. त्यामुळे मी मोशीला सहा सीटर रिक्षाची वाट बघत होतो तेव्हाच शेठचा फोन आला.

"आज झालं पाहिजे. नाही झालं तर उद्यापासून गोडाऊन. माझ्याकडं एक डिप्लोमावाला येऊन बसलाय, तो कधीपासून मागं लागलाय."

"होऊन जाईल शेठ."

"तू नेहमी होऊन जाईल म्हणतोस."

सहा सीटरमध्ये मी एका पायावर बसल्यासारखा बसलो होतो. सकाळी काही खाल्लं नव्हतं. कामाच्या दिवशी मला खाता येत नाही, अजूनही येत नाही.

गेटवर सिक्युरिटीनं मोबाईल काढून घेतला. त्या कारखान्यात कॅमेऱ्याचा फोन आत चालत नाही. फोन पेटीत ठेवायचा, जाताना परत घ्यायचा. म्हणजे स्क्रीनचा फोटो काढून मॅडमना पाठवायची सोय गेली. आत डिस्पॅचच्या टेबलावर तारेचा फोन होता, त्याच्यावरूनच बोलायचं.

डिस्पॅचचे साहेब सुट्टी असून माझ्यासाठी येऊन बसले होते आणि त्यांना ते आवडलेलं नव्हतं. पन्नाशीचे, तिथल्याच गावचे. गावातल्या कुणाच्या तरी जमिनीवर तो कारखाना उभा होता. कदाचित त्यांचीच असेल, मी विचारलं नाही.

"या इंजिनेर," ते म्हणाले. "किती वेळ लागंल?"

"दुपारपर्यंत होईल साहेब."

"मागल्या खेपेला एक आला व्हता, त्यो बी आसंच म्हनला व्हता. मंग पुन्हा आलाच न्हाई."

पहिलं मशीन उघडलं. डोमेनचं नाव टाकलं. चौकट आली: डोमेन सापडत नाही. हे मला माहीत होतं. मशीनला सर्व्हरचा पत्ता कुणीतरी जुनाच देऊन ठेवलेला असतो. तो बदलून नवा टाकला. मग त्यानं नाव आणि पासवर्ड विचारला, तेव्हा जिवात जीव आला. या जोडणीपुरतं एक खातं मॅडमनी मला दिलं होतं, ते टाकलं. परत चौकट.

तीच लाल फुली, तसाच आकार. मला वाटलं तेच परत म्हणतंय. पत्ता पुन्हा बघितला, बरोबर होता. पुन्हा टाकलं, पुन्हा चौकट. मग पासवर्डवर शंका आली. हात घाईला आला की माझ्याकडून एखादं अक्षर चुकतं. चार-पाच वेळा चुकल्यावर ते खातंच लॉक झालं. साहेब पाठीमागून बघत होते. फोन उचलायच्या आधी मी काय बोलायचं ते मनात एकदा म्हणून बघितलं. नेहमी तसंच करतो.

"मॅडम, सॉरी, ते खातं लॉक झालं."

"होतं. थांबा, उघडते." किबोर्डचा आवाज आला. "आता सांगा, काय येतंय?"

"एरर येतोय."

"एररच येणार. काय लिहिलंय त्यात?"

मी पहिली ओळ वाचली. ती प्रत्येक चौकटीत सारखीच असते, तेवढी मला पाठ होती.

"पुढचं वाचा."

मी तीच ओळ परत वाचली. साहेब तिथंच उभे होते.

मॅडमनी एवढ्यातच ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "मला सुद्धा ती भाषा नीट कळत नाही हो, लिहितातच तशी. एकेक अक्षर सांगा, मी इकडं लिहून घेते. घाई नाही."

मग मी एकेक अक्षर सांगत गेलो आणि त्या तिकडं जोडत गेल्या. दोन शब्द मला मधेच ओळखू आले. टाइम आणि डेट.

"बघा, वेळेचं म्हणतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनच्या वेळेत आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे. पाच मिनिटांपर्यंत तो चालवून घेतो, त्याच्या पुढं दारात उभं करत नाही. मशीनमधली वेळ बघा बरं."

मी कोपऱ्यातली वेळ बघितली. वर भिंतीवर मोठं घड्याळ होतं, ते बघितलं. दोन्ही एक. तारीखही बरोबर होती. खात्री म्हणून साहेबांना विचारलं. त्यांनी मनगट पुढं केलं, तीच वेळ.

"मॅडम, टाइम बरोबर आहे. मी दोन ठिकाणी बघितलं."

"नक्की?"

"हो मॅडम."

"बरं. मग दुसरं काहीतरी असेल, बघू."

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तिथून पुढचे दोनेक तास त्या विश्वासापायी गेले. मशीनचं नाव बदललं. जुन्या नावाची नोंद सर्व्हरवर पडली असेल म्हणून त्यांनी ती तिकडून काढली. केबल बदलली. दुसरं मशीन करून बघितलं, मग तिसरं. सगळीकडं तेच. एकेकदा मशीन बंद करून चालू करायचं आणि ते जुनं मशीन उठायला एवढा वेळ घ्यायचं की मला खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी यायची आणि गोडाऊन दिसायचं. दर अर्ध्या तासानं साहेब यायचे.

"झालं का?"

"होतंय साहेब."

"न्हाई म्हंजे, घरी पाव्हणे आलेत माझ्या."

एकदा ते दोन कप चहा घेऊन आले. एक माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "घ्या. तोंड बघा जरा, सुतकात बसल्यावानी झालंय." मी चहा घेतला.

मग मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाजही थकलेला होता. "ऐका, मला आता मीटिंगला जावं लागेल. दोनची आहे, पाच मिनिटं राहिलीत. तासाभरानं फोन करते. तोपर्यंत काही करू नका, जेवून घ्या."

मी सवयीनं वर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"मॅडम, दोन वाजून गेले. उशीर झाला तुम्हाला."

त्या मीटिंगला जायचं विसरल्या.

"तुमच्याकडं किती वाजलेत?"

सांगितलं.

"साहेब आहेत का तिथं? त्यांना विचारा, हे घड्याळ किती पुढं आहे."

मी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं. साहेबांनी अगदी सहज सांगितलं, "धा मिन्टं. आन् किती."

"आणि कॉम्प्युटर?"

"सगळंच धा मिन्टं पुढं हाय हितलं. मीच केलंय. ह्ये घड्याळ बी तसंच," म्हणत त्यांनी पुन्हा मनगट दाखवलं.

तीन घड्याळं बघून मी मॅडमना खात्री दिली होती आणि तिन्ही एकाच माणसानं लावलेली होती.

"साहेब, हे का?"

"का म्हंजे?" त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा माल पलीकडच्या मोठ्या गाड्यांच्या कारखान्यात जातो. तिथं मालाच्या प्रत्येक गाडीला वेळ ठरवून दिलेली. त्या वेळेला गेटवर नाही पोचलं तर गाडी परत. वर माल न पोचून तिकडची गाड्या जोडायची लाइन थांबली की इकडच्या साहेबाला बोलावून घेतात आणि सगळ्यांसमोर विचारतात. चाकण चौकातलं ट्रॅफिक काय कुणाच्या हातात नाही. आणि ड्रायव्हर लोकांना अजून वेळ आहे असं कळलं की ते टपरीवर अजून एक चहा मारतात. म्हणून कितीतरी वर्षांपूर्वी त्यांनी अख्खा डिस्पॅच दहा मिनिटं पुढं ढकलून ठेवला होता. आमच्या घरी पण भिंतीवरचं घड्याळ पुढंच असायचं, एसटी चुकू नये म्हणून. त्यामुळे मला हसताही येईना.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "करा मग वेळ बरोबर. मीटिंगला मी कळवते, पाच मिनिटं उशिरा येते."

मी माऊसला हात लावला तर साहेब मधे आले.

"थांबा, थांबा. मागं करायचं न्हाई."

"साहेब, त्याशिवाय जोडलं जाणार नाही. आणि एकदा जोडलं की वेळ सर्व्हरकडूनच येणार, आपल्याला बदलता पण येणार नाही."

"मंग नका जोडू. गाडी परत आली की तू येनार हाईस का उत्तर द्यायला?"

त्यांचंही खरं होतं. मला फक्त शेठ दिसत होता, त्यांना ते गेट. मी रिसीव्हर पुढं केला. दुसरं सुचलंच नाही.

मला इकडची बाजू तेवढी ऐकू येत होती.

"हां बोला ताई... व्हय... न्हाई, तसं न्हाई, पोरगा चांगलाय, त्याचं काय न्हाई... ते खरंय... आवो, पन गेटपासवर टाइम छापून येतो ना, ड्रायव्हर वाचतो की त्यो... भिंतीवरचं? भिंतीवरच्या घड्याळाचं काय... हां... हां." मग ते पहिल्यांदाच हसले. "न्हाई, त्ये न्हाई येत तुमच्या डोमेनमदी. बराबर."

रिसीव्हर माझ्याकडं देत म्हणाले, "भित्तीवरचं माझं, डब्यातलं तुमचं. आसं ठरलंय. पन ड्रायव्हरला कळनार बघ, चार दिसात कळनार. मंग मी तुझ्या ताईलाच फोन लावनार हाय."

"लावा," मॅडम फोनवर म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं होतं.

वेळ बरोबर केली. डोमेनचं नाव, खातं, पासवर्ड. या वेळी बोटं अगदी सावकाश चालवली. वेलकम म्हणणारी ती छोटी चौकट आली. मी ती साहेबांनाही दाखवली. ते म्हणाले, "एवढ्यासाठी?" बाकीची तिन्ही त्यानंतर पटापट झाली.

गेटवर फोन परत मिळाला तेव्हा शेठचे मिस्ड कॉल भरून पडले होते. मी फोन लावला, झालं म्हणून सांगितलं. काय अडलं होतं ते सांगायला लागलो, पण घड्याळाची गोष्ट फोनवर सांगायला गेलो की बहाणाच वाटत होती.

"चार मशीनला अख्खा दिवस," शेठ म्हणाला. "मला काही ऐकायचं नाही. उद्या गोडाऊनला ये."

त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा मिळाली, तरी मी मोशीला उतरायचं विसरलो आणि पुढं जाऊन परत आलो. खोलीवरच्या पोरांनी विचारलं, काय झालं. सांगितलं नाही. आईचा फोन आला तो उचलला, जेवलो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला होता. पहिल्या दोन बॅटऱ्या उतरवल्या आणि पाठीला जुनं सगळं आठवलं. तेवढ्यात शेठनं ऑफिसातून हाक मारली.

"काय रे, त्या मॅडमला काय सांगितलंस तू?"

"काही नाही शेठ."

"सकाळी सकाळी फोन त्यांचा. म्हणतात, उशीर झाला तो तुमच्या माणसामुळे नाही. वेळ त्यांनी बघितली होती, किती वाजलेत ते मीच आधी विचारायला पाहिजे होतं, चूक माझी. आता एवढी मोठी बाई मला असं म्हणते म्हटल्यावर मी काय बोलणार?" त्यानं खुर्ची मागं ढकलली. "वर म्हणतात, आमच्या कंपनीच्या पुढच्या तिन्ही प्लँटला याच माणसाला पाठवा. आता उभा काय राहिलास? हात धू. तळेगावला जायचंय."

मी नळावर हात धुतले. बॅटरीचं काळं नखातून निघत नव्हतं, तसाच गेलो.

चूक त्यांची नव्हती. मी नक्की म्हणालो म्हणून त्या पुढं गेल्या होत्या. ती त्यांनी आपल्या अंगावर घेतली, तीही मला न सांगता, माझ्या शेठपुढं. संध्याकाळी मी त्यांना फोन लावला. चार वाक्यं मनात म्हणून ठेवली होती, त्यातलं एकही नीट आलं नाही.

"अहो, त्यात काय," त्या म्हणाल्या. "खरं तेच सांगितलं. तळेगावचं झालं का?"

"झालं मॅडम."

"काही अडलं?"

"नाही मॅडम."

"छान. आता घरी जा, आवाज थकलाय तुमचा."

तेव्हापासून हेच काम करतोय. चाकण, तळेगाव, रांजणगाव, कुठं कुठं मशिन्स जोडली त्याची मोजदाद नाही. थकवा तोच आहे, सहा सीटरही तेच आणि लाल फुलीची चौकटही तीच. पण आता ती शेवटपर्यंत वाचतो. शब्द अडला तर अक्षर अक्षर लावून वाचतो, मॅडमनी शिकवलं तसं. आईला आता खरंच सांगता येतं की खुर्चीवरचं काम आहे.

मॅडमनी नंतर ती कंपनी सोडली. नव्या ठिकाणी कुठं आहेत, माहीत नाही. नंबर माझ्याकडं आहे. सणाला मेसेज करतो, त्यांचा हात जोडलेला मेसेज परत येतो. त्यांना माझ्यासारख्याची गरज कशाला पडेल, असं कधी कधी वाटतं. पण घर बदलायचं असेल, गावाकडून कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, रांगेत कुणाला उभं करायचं असेल, असल्या वेळी शिकलेल्या माणसालाही माणूस लागतोच. मॅडम, हे कधी तुमच्या वाचण्यात आलं तर एवढंच लक्षात ठेवा. फोन करा, का म्हणून विचारणार नाही. त्या दिवशीचं काम सोडून येईन. तुम्ही माझ्यासाठी जो शब्द टाकलात, त्याची परतफेड मी एक ना एक दिवस करणार आहे.